सवरीमुत्तू मेस्त्रीचं खुराडं

आमचे दाजी सवरीमुत्तू कुठेही गेले तरी आधी ठोकून बघायचे. ज्ञानम्माला, म्हणजे माझ्या अक्काला, बघायला आले तेव्हाही बसायच्या आधी दाराच्या चौकटीवर बोटांची पेरं वाजवली आणि कान लावला. माझी आई आतून म्हणाली, "मुलगी बघायला आलाय की घर विकत घ्यायला?" दाजी लाजले, पण वरच्या आडव्या लाकडाला वाळवी लागलीय हे सांगितल्याशिवाय गप्प बसले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते लाकूड खरंच खाली आलं. तोवर लग्न झालं होतं, म्हणून आईला नीट रागावताही आलं नाही.

ते खाणीत आधाराचे मेस्त्री होते. आमच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुरुंगवाले पुढे जाऊन बोगदा पाडतात आणि मागून आधारवाले लाकडं लावून छत तोलतात. मी वरचा माणूस. माणसांना खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्याच्या तोंडाशी माझी फळी. खाली जाणारा आपला पितळी बिल्ला माझ्याकडे देतो, मी तो त्याच्या नंबरच्या खिळ्याला टांगतो, वर आला की काढून देतो. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस खाली आहे. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. लोक म्हणायचे, सहायमला काय, सावलीत बसून खिळे मोजायचे. म्हणू देत. ज्यांचे बिल्ले काढायचे राहून गेले त्यांची नावं अजून मला क्रमाने पाठ आहेत.

सुरुंग उडताना पडणाऱ्या दगडाला आमच्याकडे कोणी भीत नाही. तेव्हा माणसं लांब असतात. भीती नंतरची. डोक्यावर तीन किलोमीटर दगड, त्यात तुम्ही पोकळी केली, की ते सगळं ओझं बाजूच्या दगडावर जातं. तो सोसतो. दिवसेंदिवस सोसतो. आणि मग कोणी हातसुद्धा लावलेला नसताना बंदुकीसारखा फुटतो. वर वस्तीत तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात, आणि बायका हातातलं काम थांबवून घड्याळाकडे बघतात, आत्ता कुणाची पाळी आहे म्हणून.

त्यासाठी जुन्या लोकांनी चाळीस दिवसांचा नेम घातला होता. नवा बोगदा म्हणजे बाळंतीण. चाळीस दिवस तिथे आधारवाल्यांशिवाय कोणी जायचं नाही, शीळ घालायची नाही, बसायचं तर नाहीच. या दिवसांत दगड कुरकुरतो, खपल्या टाकतो, रात्रंदिवस कट्‌कट् करतो आणि हळूहळू शांत होतो. चाळिसाव्या दिवशी मेस्त्रीने सगळं छत ठोकत जायचं, मेणबत्ती लावायची आणि त्याच छताखाली बसून सगळ्यांच्या देखत आपला डबा खायचा. मेस्त्रीने जेवून हात धुतला की बोगदा जमला, कामाला मोकळा. त्याच्या जेवणावर बाकीच्यांचा जीव.

एकोणपन्नास साली दाजी असेच एका बोगद्यात जेवले. आमचा इन्नासी, माझा थोरला भाऊ, त्यांच्याच टोळीत होता. बावन्नाव्या दिवशी तो बोगदा फुटला. इन्नासीचा बिल्ला त्या दिवशी माझ्याच फळीवर होता. दाजींनी नेमात काडीची कसर केली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं. अक्काच्या घरी जेवायला बसलो आणि दाजींनी समोर पहिला घास उचलला की मी मान फिरवायचो. मी बोलायचो नाही, पण ते त्यांना दिसायचं.

त्यानंतर दाजींनी एक केलं. चाळिसाव्या दिवशी जेवायचे, आणि पुढे महिना-दीड महिना रोज त्याच बोगद्यात जाऊन जेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. टोळ्या थट्टा करायच्या, मेस्त्रीला घरी बसून खाऊ देत नाहीत वाटतं. अक्का चिडायची, कारण तिकडच्या उष्म्याने रस्सम आंबून जायचं. तेवीस वर्षं हा माणूस कच्च्या छताखाली जेवला, आणि त्यांच्या हाताखालचा एकही माणूस त्या काळात मेला नाही.

मग एकशे दोन नंबरच्या लेव्हलवरचा बोगदा आला. आमच्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, इतक्या खोल कोणी गेलं नव्हतं. दगडाला हात लावला तर चटका बसे. चाळिसाव्या दिवशी सगळी टोळी जमली, मेणबत्ती लावली, दाजींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत छत ठोकलं, आणि डबा न उघडताच वर आले. माझ्यासमोर उभे राहिले, बिल्ला घेतला. डब्याचं वजन त्यांच्या हातावरून कळत होतं.

मी विचारलं, काय झालं, नवी फट दिसली का. नाही. दगड बोलतोय का. तेही नाही. दगड हलला तर कळावं म्हणून जुन्या फटींवर त्यांनी चुन्याचे लेप दिले होते, एकालाही तडा नव्हता.

"मग जेवला का नाहीत?"

"सहायम, हा जन्मल्यापासून रडलाच नाही," ते म्हणाले. "पोर रडलं की बरं वाटतं. हा चाळीस दिवस गप्प आहे."

दुसऱ्या दिवशी डबा भरलेलाच वर आला. तिसऱ्या दिवशीही. अक्काला वाटलं पोटात दुखतंय, तिने ओव्याचं पाणी पाजलं. टोळ्यांना मात्र कारण ठाऊकच होतं. मेस्त्रीची सेवानिवृत्ती तीन महिन्यांवर आली, आता कशाला जीव धोक्यात घालतील! चहाच्या टपरीवर कनकराजने नक्कल सुरू केली. कनकराज माझ्या मुलाच्या टोळीतला, हजरजबाबी, नकलेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डबा छातीशी धरून, छताकडे बघत, पाय मागे मागे घेत तो असा चालायचा की दाजींनाही हसू यायचं. मला यायचं नाही. आमच्या घराचं नाक कापलं जात होतं.

खाणीचे नवे साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोनदा बोलावून कारण विचारलं. दाजींना 'रडला नाही' याच्यापुढे काही सांगता येईना. ते तरी किती थांबणार? एकाहत्तराव्या दिवशी दुसऱ्या शाफ्टचा मेस्त्री आणला, त्याने छत ठोकलं, मजेत जेवला, ढेकर दिली, आणि बोगदा चालू झाला. तिथे काम मिळालं माझ्या मुलाच्या टोळीला. लूर्दूसामी, सव्वीस वर्षांचा, आणि टोळीचा मुकादम. मी खूश होतो. त्याचं काम बघून वर्षभरात मेस्त्री करतील असं साहेब स्वतः म्हणाले होते.

नोकरीचे उरलेले दिवस दाजींनी त्या बोगद्यात एकच काम केलं. मधल्या एका जागी निलगिरीचे जाड ओंडके आडवे-उभे रचून, मधल्या पोकळीत ग्रॅनाइटचे तुकडे ठोकून, चार भक्कम खांब उभे केले आणि त्यावर छत धरलं. सात-आठ माणसं उकिडवी बसतील एवढी जागा. माणसांनी तिला लगेच नाव ठेवलं, मेस्त्रीचं खुराडं. तिथे हवा अजिबात नव्हती. गार हवेचा पाइप साठ पावलं पलीकडे उघडायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना त्या पाइपाच्या तोंडाशी बसायचं असायचं. दाजींनी लूर्दूला चर्चमध्ये नेलं, मातेच्या पायांवर हात ठेवायला लावला आणि त्याच्याकडून शपथ घेतली, की तो आणि त्याची टोळी खुराड्यातच जेवेल.

"कामाच्या वेळी तू कुठे उभा राहशील ते माझ्या हातात नाही," ते त्याला म्हणाले. "पण दिवसाचा अर्धा तास तरी माझा."

लूर्दूने शपथ पाळली. पाळताना शिव्याही दिल्या. घामाने भिजलेला भात खाऊन खाऊन त्याची हाडं वर आली. टोळी कुरकुरायची, पण तो मुकादम होता आणि आवाज माझ्यावर गेला होता. बाकीच्या टोळ्या त्यांना बघून कॉक्‌कॉक् करायच्या. लूर्दू दाजींना मामा म्हणायचा, म्हणून "मामाच्या पदराखालचं पिल्लू" असं कनकराज त्याच्या तोंडावर म्हणायचा, आणि मुकाट्याने खुराड्यात जाऊन बसायचा.

दाजी रिटायर झाले, पण रोज बाराला पाच मिनिटं असताना माझ्या फळीपाशी येऊन उभे राहायचे. साडेबारा झाले की जायचे. बोगदा चालू होऊन एक महिना झाला, दोन, चार, पाच. तो आपला धडधाकट. बोगद्यातून रोज खनिजाच्या गाड्या जात होत्या आणि चुन्याच्या लेपांवर धूळ बसली होती. माझ्या पाठीशी रोज अर्धा तास तो माणूस उभा असायचा, आणि ज्याच्या त्याच्या नजरेत मला हसू दिसायचं. एकदा पिंजऱ्यातून कोणीतरी ओरडलं, मेस्त्री, अंडी उबली का? दाजींनी मान खाली घातली. पूर्वी त्यांनी उत्तर दिलं असतं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या कारकुनाने माझ्या कानावर घातलं, की लूर्दूचं नाव मेस्त्रीसाठी पुढे आहे, पण म्हाताऱ्याच्या शपथेवर चालणारा मेस्त्री साहेबांना नको आहे. माझं डोकंच फिरलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे अक्काकडे जेवायला गेलो. नाचणीचे उंडे आणि कोंबडीचा रस्सा. लूर्दू शेजारी बसला होता. मी उंडा मोडायच्या आधीच सुरू झालो. पोराचं वाटोळं करताय म्हणालो. तुमच्या मनातल्या भीतीपायी तो भाजून निघतोय, पाच महिने झाले, दगडाला काही झालं नाही, झालं ते आमच्या अब्रूला. दाजी ऐकत होते. अक्का म्हणाली, सहायम, आधी जेव. मी जेवलो नाही. जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

"इन्नासीच्या वेळी जेवलात आणि तो गेला. आता जेवत नाही तर माझ्या पोराला जगू देत नाही. तुमचं नक्की काय ते ठरवा."

तेवीस वर्षं गिळलेलं वाक्य होतं ते. अक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. दाजींनी ताट बाजूला सारलं. मग लूर्दूकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सोडली तुझी शपथ. बस कुठेही. माझंच चुकलं असेल." आणि उठून हात धुतला. उंडा अर्धाच खाल्ला होता.

मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. संध्याकाळी टपरीवर गेलो. कनकराज होता, आणखी पाच-सहा जण होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मोठ्याने सांगितलं, की मेस्त्रींनी स्वतः चूक कबूल केली, शपथ मागे घेतली, एकशे दोनमध्ये आता काही भीती नाही. लोकांनी टेबलं बडवली. कनकराजने दाजींची नक्कल केली, या वेळी डबा उघडून जेवणारी. मी त्याच्या चहाचे पैसे दिले.

बुधवारी बाराला पाच मिनिटं असताना दाजी आले नाहीत. मला ते लक्षातही आलं नसतं, पण पाठ मोकळी मोकळी वाटली. सव्वाबाराला पायाखालची जमीन हलली आणि फळीवरचे सगळे बिल्ले एकदम वाजले.

खालून फोन आला. एकशे दोन. बोगदा दोन्ही बाजूंनी बंद. कोणी हात लावला नव्हता, सुरुंग नव्हता, सुट्टीच होती. मी फळीकडे बघितलं. लूर्दूच्या टोळीचे सहा बिल्ले ओळीने टांगलेले, दोनशे अकरा ते दोनशे सोळा.

दहा मिनिटांत बायका आल्या. कनकराजची बायको सेल्वी कडेवर मूल घेऊन आली. अक्का आली. तिच्या मागून दाजी आले, अनवाणी, शर्टाची बटणंही वर-खाली लावलेली. बायका त्यांच्याभोवती जमल्या, मेस्त्री, खुराडं टिकेल ना, सांगा ना. त्या बिचाऱ्यांना वाटत होतं सगळे नेमाप्रमाणे खुराड्यात बसले असतील. दाजींनी माझ्याकडे बघितलं. रविवारी काय झालं ते त्या गर्दीत अक्का सोडली तर आम्हा दोघांनाच ठाऊक आहे असं मला वाटत होतं. मी नजर फिरवली. ते बायकांना म्हणाले, "खुराडं टिकेल." आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, रोजच्या जागी. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मी मनात मातेला म्हणत होतो, मी नेम मोडायला लावला, पण पोराने तो मोडलेला नसू दे. सहा तास मी दुसरं काही म्हणालो नाही.

दिवेलागणीच्या आधी पिंजरा वर आला. लूर्दू आपल्या पायांनी बाहेर आला. पांढऱ्या धुळीने असा माखलेला की मी त्याला चालीवरून ओळखलं. त्याच्यामागे एक, दोन, तीन, चार. मी पोराला धरलं आणि लहान मुलासारखा रडलो. लूर्दू मात्र माझ्याकडे बघत नव्हता. तो दाजींकडे गेला.

"मी तर शपथ सोडली होती रे," दाजी म्हणाले.

"मामा, तुम्ही दमलात," लूर्दू म्हणाला. "दगड थोडाच दमला होता."

पाच महिने तो खुराड्यात बसून त्यांना शिव्या घालत होता. पण ज्या दिवशी या हट्टी माणसाने हार मानली, त्या दिवशी त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली, असं त्याने मला पुढे सांगितलं. सोमवारी तो न बोलता खुराड्यात गेला, त्याच्यामागे टोळी गेली. कनकराज तेवढा गेला नाही. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो गार हवेच्या पाइपापाशी बसला. लूर्दूने हुकूम केला, ओढूनही बघितलं.

कनकराजचं हे मला लूर्दूने तिथेच सांगितलं, फळीपाशी, बायकांना ऐकू जाणार नाही असं. "अप्पा, तो म्हणाला, तुझ्याच बापाने सांगितलंय भीती नाही म्हणून. मी काय बोलणार होतो?"

पाच बिल्ले काढून दिले. दोनशे चौदा नंबरचा राहिला.

बायकांनी सेल्वीला घरी नेलं होतं. तिच्याकडे सांगायला दाजी गेले, मी त्यांच्यामागे. ती ओट्यावर बसली होती, मूल मांडीवर झोपलेलं. ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, की सगळे खुराड्यात होते, मग हाच बाहेर का होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. दाजींनी मागे हात करून माझं मनगट दाबलं.

"मी सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. "मीच म्हणालो, आता भीती नाही. चूक माझी आहे, पोरी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. मी खिशातला बिल्ला मुठीत धरून उभा होतो. घरी परत जाताना वाटेत मी विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "एकाचं ओझं मला उचलायची सवय आहे. दोन काय नि एक काय. तुला सवय नाही." मला ते सोयीचं होतं.

दाजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. खाणीतल्या माणसांनी त्यांना मान दिला, खुराड्याला हसणं बंद झालं, आणि आमच्या शाफ्टवर चाळीस हा आकडा कोणी काढेनासं झालं. लूर्दू मेस्त्री झाला. तोही ठोकतो. दाजींना मात्र त्या मानाचं काही नव्हतं. फुटला तो दिवस दोनशे अठ्ठाविसावा होता हे त्यांनी बोटांवर मोजून काढलं, आणि मला म्हणाले, की मी तर शंभर दिवसांच्या आत फुटेल असं धरून चाललो होतो, मलाही काही कळत नव्हतं. सेल्वी त्यांच्याकडे येत-जात असायची. अक्काला दळण आणून द्यायची, दाजींचे पाय सुजले तेव्हा शेक द्यायची. मला नवल वाटायचं. नवऱ्याच्या मरणाला कारण झालेल्या माणसाचे पाय शेकायला केवढं मन लागतं! माझ्याशी ती कधी बोलली नाही. विधवा बाई, परपुरुषाशी कशाला बोलेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

दाजींना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेलो. बिल्ला ऑफिसात जमा करायचा असतो, मी केला नव्हता. तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं, रविवारचं, टपरीवरचं, चहाचंसुद्धा.

"माहीत आहे," सेल्वी म्हणाली. "त्याच रात्री टपरीवरून आला आणि हसत हसत मला सांगत होता, सहायमने असं सांगितलं म्हणून. मेस्त्री माझ्यासमोर खोटं बोलले तेव्हाच मला कळलं होतं."

मी विचारलं, मग तू तेव्हा बोलली का नाहीस.

"ते इतकं जड उचलून उभे होते, मी कशी खाली टाकू? म्हटलं, ज्याचं आहे तो येईल एक दिवस." तिने बिल्ला माझ्या हातातून घेतला आणि पदराने पुसला. "नऊ वर्षं लावलीत तुम्ही. तोवर म्हातारा गेला."

दार तिने लावलं नाही. या, बसा, असंही म्हणाली नाही. मी बराच वेळ ओट्याखाली उभा होतो, मग घरी आलो.